यूट्यूबवरचे गुंतवणुकीचे सल्ले: कोणाचं ऐकायचं अन् कोणाचं सोडायचं?

पराटीवाला (दारव्हा तालुका)

राम राम मंडळी. लय दिवसापासून विचारायचं होतं. आमचं आठ एकर कोरडवाहू वावर आहे, पराटी, सोयाबीन, तूर, अन् सीझनमध्ये मी जीनवर वजनकाट्याले असतो. यंदा कापसाचे चुकारे आले, कृषी केंद्राची उधारी फेडली, बँकेचं नवंजुनं केलं अन् तरी थोडे पैशे उरले, नवलच म्हणा. तं म्हटलं सगळं एफडीत टाकण्यापेक्षा आपणच शिकून काही करून पाहू. शेअर ठेवायचं डीमॅट खातं तं आधारच्या ओटीपीवर बसल्याबसल्या उघडलं, पण पुढं काय तेच समजून नाही राहिलं.

रात्री जेवण झालं की यूट्यूब उघडतो. एक म्हणते इंडेक्स फंड घ्या, म्हणजे सेन्सेक्स-निफ्टीतल्या सगळ्या कंपन्याईत थोडा थोडा पैसा, अन् विसरून जा. दुसरा म्हणते इंडेक्स म्हणजे आळशी माणसाचं काम, स्मॉलकॅपमध्ये, म्हणजे लहान कंपन्याईत टाका. तिसरा सोनं म्हणते, चौथा ऑप्शनमधून, म्हणजे भाव चढंन का पडंन यावरच्या सौद्याईतून, रोजचे दोन हजार काढून दाखवते, अन् सगळ्याईचे सबस्क्रायबर लाखानं, सगळे बोलायले तरबेज. वरून आमच्या गावच्या ग्रुपवर एक भाचा आहे, तो दर आठवड्याले १५-१५-१५ चा मेसेज टाकते, महिन्याले १५ हजार, १५ वर्षं, १५ टक्के, झाले कोटीपती.

कोणता फंड घेऊ हे मी विचारत नाही, ते सांगणारे बक्कळ आहे. माह्या प्रश्न वेगळा आहे. सांगणाऱ्याचा सल्ला कामाचा का फालतू हे आपल्यासारख्यानं ओळखायचं कसं? माह्यं शिक्षण बारावी, अकाउंटचं काही येत नाही, टक्केवारी तेवढी समजते.

जुना क्लार्क (कारंजा)

भाऊ, प्रश्न चांगला विचारला. सहकारी बँकेतून रिटायर झालो, वेळ भरपूर आहे म्हणून लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

तुमच्या भाच्याचा मेसेजच घ्या उदाहरणाला. गणित बरोबर आहे, कॅल्क्युलेटरवर टाकून पाहा, १ कोटीच्या थोडं वरच येते. पण त्यातले पहिले दोन १५ तुमच्या हातात आहेत, तिसरा कोणाच्या हातात आहे? तिथे १५ च्या जागी १२ टाका, कोटीचे ७५ लाख होतात. १० टाका, ६२-६३ लाख. आता महागाई ६ टक्के धरा, तर १५ वर्षांनंतरचा कोटी म्हणजे आजचे ४२ लाखाच्या आसपास, अन् १२ टक्क्यावाले ७५ लाख म्हणजे आजचे ३१ लाख. आता हे काही वाईट नाही, एसआयपी (दर महिन्याला ठरलेली रक्कम फंडात टाकणं) करूच नका असं मी म्हणत नाही, पण मेसेजमध्ये जो कोटी नाचवला तो कुठं गेला ते सांगा. शिवाय बाजार दरवर्षी १५ टक्के असा वाटून देत नाही. २००८ साली सेन्सेक्स ५२ टक्के खाली गेला, २००९ साली ८१ टक्के वर आला. हे दोन आकडे ज्याच्या कॅल्क्युलेटरमध्ये कधीच दिसत नाहीत त्यानं तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली. म्हणून मी तरी असं करतो, कोणताही सल्ला आला की त्यातला एखादा आकडा मुद्दाम आपल्या विरोधात बदलून पाहतो. तरीही सल्ला उभा राहिला तर पुढचं ऐकतो. सांगणाऱ्यानं स्वतःहून असं करून दाखवलं असेल तर त्याला माझ्याकडून जास्तीचा मार्क.

मग त्याचं पोट कशावर चालते ते पाहायचं. व्हिडिओखालच्या वर्णनात जा. डीमॅट उघडायची लिंक असेल तर तुमचं खातं उघडलं की त्याला पैसे मिळतात, काही जण तर तुमच्या दलालीतही वाटा घेतात, म्हणजे तुम्ही जितकी खरेदी-विक्री कराल तितकं त्याचं भलं. कोर्स असेल तर कोर्सवर, टेलिग्रामचा पेड ग्रुप असेल तर फीवर. कमाई करणं गुन्हा नाही, आम्हीही बँकेत पगारच घेत होतो. पण तुम्ही गप बसून राहिल्यानं ज्याचं नुकसान होते, तो माणूस तुम्हाला गप बसा म्हणून सांगेल का?

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी सेबीचे नंबर असतात तेही माहीत ठेवा. गुंतवणूक सल्लागाराचा नंबर आयएनए पासून सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच पासून, म्युच्युअल फंड विकणाऱ्याचा एआरएन असतो. नंबर दिला म्हणजे खरा असं धरू नका, पहिले दोन सेबीच्या साइटवर नावानिशी तपासा अन् एआरएन ॲम्फी या फंड कंपन्यांच्या संघटनेच्या साइटवर. अन् नंबर खरा निघाला तरी सल्ला बरोबरच असेल असं काही नाही, फक्त उद्या बिघडलं तर तक्रार कोणाची करायची हे माहीत राहते. बिननंबरवाले लोक 'फक्त शिक्षणासाठी' अशी पाटी लावतात. त्यावर सेबीनं जानेवारी २०२५ मध्ये सर्क्युलर काढलं की निव्वळ शिकवणाऱ्यानं मागच्या ३ महिन्यांतले भाव वापरायचे नाहीत. म्हणजे कोणी आज सकाळचा चार्ट दाखवून 'इथं घुसा, इथं निघा' म्हणत असेल तर ते शिकवणं नाही, टिप आहे, पाटी काहीही असो.

एक प्रकरण तर डोळे उघडणारं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीनं एका नावाजलेल्या यूट्यूबवाल्यावर आदेश काढला, कोर्समधून जमवलेले १७ कोटीच्या वर पैसे जमा करायला लावले. त्याच आदेशात निघालं की जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात त्याला स्वतःला ट्रेडिंगमध्ये २ कोटी ८० लाखाच्या वर तोटा झाला होता. लोक त्याच्याकडे नफा कसा काढायचा ते शिकत होते!

जुन्या लोकांना सागवानाच्या प्लॅन्टेशन कंपन्या आठवत असतील, १९९० च्या दशकात पेपरात जाहिराती यायच्या, आज हजार भरा अन् वीस वर्षांनी झाड विकून लखपती व्हा. त्यानंतर १९९९ साली सेबीनं असल्या सामूहिक योजनांसाठी नियम आणले, तोवर लोकांचे पैसे गेले होते. तेव्हा यूट्यूब नव्हतं, पण गणित मांडायची पद्धत हीच होती.

निफ्टी पोट्टा (पुसद)

काका तुमचं सगळं ठीक आहे पण सगळ्याईले एकाच काठीनं कायले हाकता बाप्पा. मी ऑप्शन करून राहिलो, स्टॉपलॉस लावतो (ठरलेल्या तोट्यावर सौदा आपोआप बंद), शिस्त पाळतो, महिन्याले निघतेच काही ना काही. माहे गुरू यूट्यूबवरचेच आहे, फ्री मध्ये शिकवलं त्यानं, एक रुपया नाही घेतला. ज्याले जमत नाही तो बोंबलते, ज्याले जमते तो गपचूप कमावते. तुम्ही लोकं नुसतं भेव दाखवता म्हणून आपले पोट्टे मागं राहते अन् गुजरातवाले पुढं जाते.

संत्राबाग (वरूड)

पोट्ट्या, रागावू नको, तू कमावत असशील, मी नाही म्हणत नाही. पण सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये हिशोब काढला, आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षात फ्युचर ऑप्शन करणाऱ्या साध्या माणसाईपैकी ९३ टक्के तोट्यात, सगळ्याईचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटीच्या वर. हे कोण्या घाबरट काकाचं मत नाही, एक्स्चेंजवरच्या खात्याईचा हिशोब आहे. आता तू त्या सात टक्क्यात आहे का हे पाहायचं असंन तं स्क्रीनशॉट काढू नको, ब्रोकरच्या ॲपमधून वर्षाचा टॅक्स पीअँडएल (नफा-तोट्याचा हिशोब) डाउनलोड कर, ब्रोकरेज, एसटीटी (सौद्यावरचा कर), जीएसटी सगळं वजा करून खालचा आकडा वाच. अन् हेच तुह्या गुरूले माग. दिवसाचा स्क्रीनशॉट कोणीही दाखवते, वर्षाचं स्टेटमेंट दाखवणारा मले अजून सापडायचा आहे.

पराटीवाला भाऊ, एक गोष्ट कोणी बोललं नाही ती मी सांगतो. यूट्यूबवरचा चांगला, इमानदार सल्ला पण अर्धाअधिक पगारवाल्यासाठी असते. १ तारखेले पगार, ५ तारखेले एसआयपी. आपला पैसा येते दिवाळी ते होळी, अन् जून लागला की बियाणं-खतात निघून जाते, मंग जुलै-ऑगस्टमध्ये खात्यात असते काय? एसआयपी बाउन्स झाली की बँक वरून दंड घेते.

इमर्जन्सी फंडाचं बी तसंच. ते म्हणते ६ महिन्याचा खर्च बाजूले ठेवा. पुण्यात नोकरी गेली तं ६ महिन्यात दुसरी भेटत असंन, पण आपला खरीप बुडाला, बोंडअळी म्हणा की येलो मोझॅक म्हणा की ऑक्टोबरातलं पाणी म्हणा, तं पुढचं पीक हातात यायले पूर्ण एक वर्ष आहे, अन् त्या वर्षाचा घरखर्च सोडून वावराचा खर्च वेगळा. म्हणजे आपल्याले एक आखा खरीप बुडाला तरी चालंन एवढा पैसा आधी बँकेत पाहिजे, शेअर-बिअर त्याच्या मागून.

टॅक्स वाचवायले ईएलएसएस फंड घ्या म्हणते. अरे बावा शेतीच्या उत्पन्नावर टॅक्सच नाही तं वाचवू काय? अन् नवीन टॅक्स पद्धतीत ८०सी ची, म्हणजे असल्या गुंतवणुकीवरची, सूट पगारवाल्याले पण भेटत नाही, तरी ते व्हिडिओ चालूच आहे.

अन् कर्जाचं तं कोणी बोलतच नाही. ३ लाखापर्यंतचं पीककर्ज मुदतीत भरलं तं आपल्याले पंजाबराव देशमुख व्याज सवलतीत शून्य टक्क्यानं पडते, ते फेडायची घाई करून मुदतीच्या आधी पैसा अडकवायची गरज नाही, पण मुदत चुकवायची नाही म्हणजे नाही. उलट कृषी केंद्राची उधारी कुठं कुठं महिन्याले २ टक्क्यानं पडते, बिलात लिहून नसते, भावात धरलेली असते. म्हणजे वर्षाचे २४ टक्के. ते वाचवले तं तेवढा पक्का फायदा, कोणता फंड देते २४ टक्के पक्का? तू उधारी फेडून मोकळा झाला म्हणतो, आता पुढच्या हंगामाचं बियाणं-खत नगदीत घेण्यापुरते पैशे वेगळे काढ, मंग उरले त्याचा इचार कर. मले तं वाटते जो सल्लागार तुह्या कर्जाचं, पिकाचं, घरात किती तोंडं खाणारे आहे याचं काही विचारल्याबिगर थेट फंडाचं नाव घेते त्याचा व्हिडिओ तिथंच बंद करावा. व्हिडिओ तं काही विचारूच शकत नाही म्हणा, पण 'हे कोणासाठी नाही' एवढं तं सांगू शकते ना.

अन् ते मल्टीबॅगरवाले. 'हा शेअर १० वर्षात ५० पट झाला'. बियाणं कंपनी धुऱ्यावर बोर्ड लावते ना, अमुक वाण, एकरी इतके क्विंटल, फोटोत शेतकरी हार घालून उभा, बोर्ड त्याच वावरात लागते जिथं पीक आलं, जिथं उतरलंच नाही तिथं कोणी बोर्ड लावत नाही. तसंच आहे ते. त्याच चॅनलचे २०२१ चे जुने व्हिडिओ उघड, त्यात ज्याची ज्याची नावं घेतली ती वहीत लिही अन् आजचा भाव बाजूले लिही. डिलीट केलेले व्हिडिओ दिसणार नाही हे धरून चाल.

एआरएनवाला (वणी)

आधीच सांगून टाकतो, मी म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटर आहे, माझ्याकडून रेग्युलर प्लॅन घेतला तर मला दरवर्षी कमिशन मिळते जोपर्यंत पैसे फंडात आहेत तोपर्यंत. त्यामुळे माझं बोलणं त्या हिशोबानं घ्या.

जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाचा डायरेक्ट प्लॅन आहे, त्यात कमिशन नाही. शेअरवाल्या फंडात दोघांच्या खर्चात अर्धा ते एक टक्का, कधी त्याहून जास्त फरक पडतो. समजा महिन्याला ५ हजार, २० वर्षं, १२ टक्क्यानं ५० लाखाच्या जवळ होतात अन् ११ टक्क्यानं साडेत्रेचाळीस-चव्वेचाळीस लाख. म्हणजे एका टक्क्याला सहा लाखाच्या वर किंमत आहे. हे माझ्या धंद्याच्या विरोधात जाते पण खरं आहे. ज्याला स्वतः सगळं पाहता येते, त्यानं डायरेक्टच घ्यावं.

पण दुसरी बाजूही ऐका. मार्च २०२० मध्ये निफ्टी दोन-सव्वादोन महिन्यात १२,३६२ वरून ७,६१० वर आला, ३८ टक्के. त्या वेळेस मला जे फोन आले, सगळ्यांचं एकच, काढून टाका. व्हिडिओ पाहून स्वतः गुंतवणूक करणाऱ्याला त्या दिवशी फोन करायला कोण आहे? बरेच जण तळाशी विकून निघाले अन् परत आलेच नाहीत. म्हणून चॅनल पारखायचं असेल तर २०२१ चे व्हिडिओ पाहाच, पण मार्च-एप्रिल २०२० चे पण पाहा. बाजार पडत होता तेव्हा हा माणूस काय बोलत होता, त्याच्या आधी जे बोलला होता त्याच्याशी जुळत होतं का, का एकदम 'सगळं कॅश करा' वर आला होता.

बचतगट ताई (आर्णी)

सगळे यूट्यूबच्याच मागे लागले आहे. आमच्याकडे बायकांना सल्ला देणारा यूट्यूबवाला नसतेच, तो नणंदेचा नवरा असते नाहीतर शाळेतले सर असते, अन् पॉलिसी घेऊन दारात येते. त्याला सेबीचा नंबर विचारता येते का? चहा ठेवावा लागते.

मी एक शिकली, भांडायचं नाही, कागद मागायचा अन् म्हणायचं दोन दिवसानं सांगते. मग मोबाईलमधल्या एक्सेल शीटमध्ये वर्षावर्षाचे हप्ते वजा चिन्ह लावून एकाखाली एक टाकायचे, शेवटी मिळणारी रक्कम टाकायची अन् आयआरआर, म्हणजे वर्षाचा खरा दर, काढायचा. बाजूला तारखा टाकल्या तर एक्सआयआरआर. आमच्या गटातल्या एकीला सांगितलं होतं वर्षाला २५ हजार भरा, २० वर्षांनी ९ लाख, म्हणजे ५ लाख भरून जवळपास दुप्पट. काढून पाहिलं तर सव्वापाच टक्क्याच्या आसपास. ९ लाख ऐकायला मोठे वाटते पण वर्षाचा दर काढला की पोस्टाच्या शेजारी ठेवून पाहता येते. जो सांगणारा टक्के न सांगता नुसते 'दुप्पट', 'तिप्पट' बोलते त्याच्यापुढे ही शीट ठेवायची, बोलायची गरज पडत नाही.

अन् 'गॅरंटी' म्हटलं की विचारायचं गॅरंटी कोणाची. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखापर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. बोर्ड दोघींचे सारखेच दिसते अन् पतसंस्था दोन टक्के जास्त देते म्हणून बाया तिकडे जाते.

पराटीवाला

सगळ्याईले धन्यवाद, एवढं कोणी लिहीन असं वाटलं नव्हतं. काल रात्री बसून मले जो सगळ्यात जास्त पटत होता तो स्मॉलकॅपवाला चॅनल तपासला. खाली डीमॅटची लिंक आहे, कोर्सची लिंक आहे, नंबर कुठंच नाही. त्याच्या २०२१ च्या व्हिडिओतली नावं लिहून पाहिली, काही शेअर खरंच चांगले वाढले, काही अर्ध्याच्या खाली आहे, पण आताच्या व्हिडिओत तो फक्त वाढलेल्याईचंच नाव घेते. चोर नसंन, पण हिशोब पूर्ण नाही देत एवढं समजलं.

इंडेक्सवाला जो होता त्यानं एका व्हिडिओत स्पष्ट म्हटलं की पाच-सात वर्षाच्या आत लागणारा पैसा यात टाकू नका, पडला तं अर्धा पण होऊ शकते. त्याची लिंक पण आहे खाली डीमॅटची, पण तो वर्षाले फंड बदला असं सांगत नाही, त्यामुळं त्याले माह्यावर कमाई करायले जास्त जागा नाही असं वाटते. बरोबर इचार करून राहिलो का क्लार्क काका?

भाच्याले महागाई धरून आकडा पाठवला ग्रुपवर. त्यानं हात जोडलेला इमोजी टाकला अन् आज सकाळी परत तोच मेसेज टाकला.

निफ्टी पोट्टा, तुह्यं स्टेटमेंट टाक म्हणतो भाऊ इथं, नाव खोडून टाक.

आता शेवटचं. संत्राबाग भाऊचं पटलं, बियाण्याचे अन् एक खरीप बुडायचे पैशे वेगळे काढतो, बँकेतच. त्यानंतर जे उरते ते एकदम टाकायची हिंमत नाही अन् दर महिन्याले टाकायले माह्याजवळ दर महिन्याले येत नाही. चुकारे एकदाच भेटते. मंग कसं करायचं?

निफ्टी पोट्टा (पुसद)

काढून राहिलो स्टेटमेंट. चार्जेस लय कापते बावा हे ब्रोकरवाले, ते धरलं नव्हतं मी.

जुना क्लार्क (कारंजा)

विचार बरोबर आहे भाऊ, पण इंडेक्सवाल्याचंही २०२० चं तपासा, सगळ्यांना एकच माप लावा.

तुमच्या प्रश्नाचं, चुकारे आले की ते एकदम लिक्विड फंडात (थोड्या मुदतीच्या कर्जरोख्यांचा, कमी जोखमीचा फंड) टाकायचे अन् तिथून दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप इंडेक्स फंडात जाईल अशी एसटीपी लावायची. दोन्ही फंड एकाच फंड हाऊसचे लागतात, त्यामुळे आधी इंडेक्स फंड ठरवा, मग त्याच कंपनीचा लिक्विड. पहिल्या ६ दिवसांत काढले तर थोडा एक्झिट लोड (लवकर काढल्याची कपात) बसतो, त्यानंतर नाही. लिक्विडमधला नफा तुमच्या उत्पन्नात धरला जातो अन् तो शेतीचा मानत नाहीत, तेवढं रिटर्न भरताना लक्षात ठेवा. जूनमध्ये अडचण आली तर लिक्विडमधला उरलेला पैसा बहुतेक दुसऱ्या कामाच्या दिवशी खात्यात येतो, बाउन्सचा दंड नाही.

पैसे फंड हाऊसच्या साइटवरूनच पाठवा. सेबीनं ऑक्टोबर २०२५ पासून फंडवाल्यांना अन् ब्रोकरांना '@' च्या लगेच पुढे 'व्हॅलिड' (valid) शब्द असलेले यूपीआय आयडी द्यायला सुरुवात केली आहे, पैसे पाठवण्याआधी तो शब्द अन् हिरव्या त्रिकोणातला अंगठा दिसतो का पाहा. कोणी ग्रुपवर वैयक्तिक नंबर दिला तर त्याला काहीच पाठवू नका, भाच्यानं दिला तरी.